बोटाच्या प्रोबची लाट: भूल देताना ती किती वाचावी, कुठे थांबावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: तालुक्याच्या ठिकाणी तीन-चार नर्सिंग होममध्ये फिरून भूल द्यावी लागते. आर्टिरियल लाइनची, म्हणजे धमनीत नळी घालून सतत रक्तदाब मोजण्याची, सोय जवळपास कुठेच नाही. पल्स ऑक्सिमीटरच्या बोटावरच्या प्रोबची लाट, म्हणजे प्लेथ, मात्र मॉनिटरवर सतत पळत असते. त्या लाटेवरून सॅच्युरेशनखेरीज (रक्तातल्या ऑक्सिजनच्या प्रमाणाखेरीज) रक्तस्राव, सलाईनची गरज, भूल उथळ होणं यांतलं काही कळतं का? आणि नव्या मॉनिटरवरचे 'पीआय', 'पीव्हीआय' हे आकडे कितपत मनावर घ्यायचे?

बरंच कळतं. पण आधी एक गोष्ट डोक्यातून काढायला हवी. लाटेची उंची म्हणजे रक्तदाब नव्हे. हे सगळ्यांना पाठ असतं, तरी ऑपरेशन थिएटरात कुणीतरी म्हणतंच, "प्लेथ मस्त आहे, म्हणजे बीपी चांगलंच असणार." प्रोपोफॉल हे भुलेचं औषध दिल्यावर काय होतं ते बघा. रक्तवाहिन्या सैल पडतात, दाब उतरतो आणि बोटातली लाट उंच होते. उलट रक्तवाहिन्या आवळणाऱ्या फेनिलेफ्रिनचा छोटा डोस द्या. दाब चढतो, लाट बुटकी होते. दोन्ही वेळा लाट आणि दाब विरुद्ध दिशेला गेले. बोटातली लाट दोन गोष्टींवर ठरते: हृदय ठोक्याला किती रक्त ढकलतंय, आणि बोटातल्या बारीक रक्तवाहिन्या किती आवळलेल्या आहेत. भुलेखाली दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा कितीतरी जास्त बदलते, आणि बोटाच्या त्वचेवर सिम्पथेटिक (रक्तवाहिन्या आवळणाऱ्या) मज्जातंतूंची हुकूमत मोठी असते. म्हणून प्लेथ बघताना मी मनात आधी रक्तवाहिन्यांचा ताण धरतो, हृदय त्यानंतर.

दुसरी अडचण मॉनिटरनेच केलेली आहे. बहुतेक मॉनिटरवर प्लेथचा गेन, म्हणजे लाट मोठी करून दाखवण्याचं प्रमाण, ऑटोवर असतो. लाट लहान झाली की यंत्र ती ताणून पुन्हा पडदाभर करतं. रुग्णाची बोटं गार पडलेली असतात आणि पडद्यावर तीच ऐटबाज लाट पळत असते. मॉनिटरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्लेथचा स्केल फिक्स्ड करता येत असेल तर प्रत्येक केसच्या सुरुवातीला तो करा. करता येत नसेल तर लाटेच्या उंचीवर एक शब्द बोलू नका. पीआयचा आकडा बघा (तो कसा निघतो ते पुढे येतं), त्याला ऑटो गेनची बाधा होत नाही. स्वीपचा, म्हणजे लाट पडद्यावर सरकण्याचा, वेगही बघून ठेवा. लाटेचा आकार वाचायचा असेल तर जलद स्वीप हवा, श्वासागणिक होणारी वरखाली बघायची असेल तर संथ.

यंत्र असं का वागतं, याचं उत्तर त्याच्या जन्मात आहे. प्रकाशाने त्वचेतलं रक्त मोजण्याचं काम ऑलरिक हर्ट्झमन यांनी अमेरिकेत 1937 च्या सुमारास केलं होतं, आणि त्यांना रस होता तो त्वचेच्या रक्ताभिसरणात. पुढे जपानात निहॉन कोहडेन कंपनीतले अभियंते ताकुओ आओयागी कानातून प्रकाश सोडून, रंगद्रव्य वापरून कार्डियाक आउटपुट मोजायच्या खटपटीत होते. नाडीची धडधड त्यांच्या आलेखात लुडबुड करत होती. ती घालवायला त्यांनी दुसऱ्या तरंगलांबीचा प्रकाश घेतला, आणि ऑक्सिजन कमी झाला की ती वजाबाकी बिघडते हे त्यांच्या ध्यानात आलं. 1974 मध्ये त्यातून पल्स ऑक्सिमीटर मांडला गेला. तेव्हापासून व्यापारी यंत्रांचं सगळं लक्ष सॅच्युरेशनच्या आकड्यावर राहिलं. त्या आकड्यासाठी लाट गुळगुळीत करणं, तिचा तळ सपाट करणं, उंची सारखी ठेवणं हे सगळं योग्यच आहे. आपल्याला हवी असलेली माहिती नेमकी त्या गाळणीत जाते.

मोजमाप असं होतं. प्रोबमध्ये सुमारे 660 नॅनोमीटरचा लाल आणि 940 चा इन्फ्रारेड असे दोन दिवे, पलीकडे डिटेक्टर. शोषल्या जाणाऱ्या प्रकाशाचा बहुतांश हाड, मांस, त्वचा आणि शिरांमधलं रक्त यांच्यात स्थिरपणे जातो. ठोक्यागणिक बदलणारा भाग त्यामानाने नगण्य, बऱ्याचदा एक-दोन टक्के. या बदलत्या भागाचं स्थिर भागाशी असलेलं टक्केवारीतलं प्रमाण म्हणजे पीआय, परफ्युजन इंडेक्स. तो 0.02 पासून 20 पर्यंत काहीही असू शकतो. म्हणून "नॉर्मल पीआय किती?" या प्रश्नाला उपयोगाचं उत्तर नाही. याच रुग्णाचा, याच बोटाचा, दहा मिनिटांपूर्वीचा आकडा किती होता, हे विचारा. भूल द्यायच्या आधीचा पीआय कागदावर लिहून ठेवण्याची सवय लावून घ्या, त्याला काही खर्च नाही.

आता भुलेच्या ओघात लाट कशी बदलते ते बघू. इंडक्शननंतर, म्हणजे भूल चढवल्यावर, पीआय वाढायला हवा. नाही वाढला तर हात गार आहे का, रुग्ण कोरडा आहे का, की औषध शिरेत गेलंच नाही, हे बघायचं. ट्यूब टाकायला घशात लॅरिंगोस्कोप घातल्यावर काही सेकंदांत लाट आक्रसते, आणि हा बदल बीपीच्या कफच्या पुढच्या मोजणीच्या कितीतरी आधी दिसतो. ट्यूब टाकताना, पहिली चीर देताना, लॅप्रोस्कोपीत पोटात गॅस भरताना, हाडाचं आवरण खरवडताना लाट किती दबते, यावरून वेदनाशामक पुरेसं आहे का याचा अंदाज येतो. चीर दिली आणि लाट अर्ध्यावर आली, नाडी पंधरा-वीसने वाढली, तर फेंटानिल कमी पडतंय असं समजायला जागा आहे. सर्जनचा हात थांबल्यावर लाट पुन्हा उघडली तर ती शंका पक्की होते. हात थांबूनही लाट दबलेलीच राहिली तर कारण वेदना नाही, दुसरं काहीतरी आहे.

याच निरीक्षणाचा हिशेब करून 2007 मध्ये हुइकू आणि सहकाऱ्यांनी एक निर्देशांक मांडला. तो आज सर्जिकल प्लेथ इंडेक्स, एसपीआय, या नावाने जीईच्या मॉनिटरवर येतो. लाटेच्या उंचीला सत्तर टक्के, दोन ठोक्यांमधल्या अंतराला तीस टक्के वजन. आकडा 0 ते 100, आणि साधारण 20 ते 50 मध्ये ठेवायचा असा दंडक. कल्पना चांगली आहे. माझं मत विचाराल तर ती आपल्याकडच्या औषधांच्या पेटीपुढे अनेकदा हतबल होते. बीटा ब्लॉकर चालू असलेल्या रुग्णात नाडी चढतच नाही. नाडी वाढवणारं अॅट्रोपिन किंवा ग्लायकोपायरोलेट दिलं की वेदना नसतानाही आकडा वर. दाब चढवणारं मेफेंटरमिन दिलं की तेच. पेसमेकर, एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाची अनियमित लय), रक्त कमी झालेला रुग्ण, स्पायनलखाली (पाठीच्या कण्यातून दिलेल्या भुलेखाली) जागा असलेला रुग्ण, या सगळ्यांत आकड्याचा अर्थ बदलतो. लहान मुलांत तर मी तो बघतच नाही. एसपीआयवर चालल्याने ओपिऑइड (फेंटानिलसारखं वेदनाशामक) कमी लागतं का, यावर अभ्यासांचे निकालही एकमुखी नाहीत. आणि एक गोंधळ टाळा: हे वेदनेच्या प्रतिसादाचं माप आहे, बेशुद्धीचं नाही. स्नायू शिथिल केलेला रुग्ण आत जागा आहे की नाही, हे प्लेथ सांगत नाही.

रक्तस्राव आणि सलाईन हा तुमच्या प्रश्नाचा गाभा दिसतो, म्हणून त्यावर जरा थांबतो.

व्हेंटिलेटर फुप्फुसात हवा ढकलतो तेव्हा छातीतला दाब वाढतो आणि हृदयाकडे परतणारं रक्त क्षणभर कमी होतं. दोन-चार ठोक्यांनी त्याचा परिणाम डाव्या हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्तावर दिसतो. शरीरात पुरेसं रक्त असेल तर फरक किरकोळ. रुग्ण रिकामा असेल तर प्रत्येक श्वासाबरोबर लाट ठळकपणे लहानमोठी होते. पीव्हीआय, प्लेथ व्हेरिएबिलिटी इंडेक्स, म्हणजे याच चढउताराची टक्केवारी: एका श्वासचक्रातला सर्वांत मोठा पीआय उणे सर्वांत लहान, भागिले सर्वांत मोठा, गुणिले शंभर. 2008 मध्ये मॅक्सिम कॅनेसन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की भुलेखालच्या, व्हेंटिलेटरवरच्या रुग्णात पीव्हीआय 14 च्या वर असेल तर सलाईनचा डोस दिल्यावर कार्डियाक आउटपुट वाढण्याची शक्यता मोठी. तो 14 चा आकडा तेव्हापासून सगळीकडे फिरतो. अभ्यासात रुग्ण होते 25, सगळे हृदयशस्त्रक्रियेसाठी आलेले. नंतरच्या वेगवेगळ्या अभ्यासांत हा उंबरठा इकडेतिकडे सरकला. म्हणून 13 ला सलाईन बंद आणि 15 ला चालू, असं वागू नका. 8 आणि 22 यांत फरक आहे. 12 आणि 15 यांत नाही.

त्याहून महत्त्वाच्या आहेत अटी. रुग्ण पूर्णपणे व्हेंटिलेटरवर हवा, स्वतःहून श्वास घेणारा नको. लय नियमित हवी. टायडल व्हॉल्यूम, म्हणजे एका श्वासात ढकललेली हवा, किलोला सुमारे 8 मिली हवी. आजकाल आपण सहावर चालवतो, तेव्हा रुग्ण रिकामा असूनही पीव्हीआय कमी दिसू शकतो. छाती उघडलेली नको. लॅप्रोस्कोपीचा गॅस आणि डोकं खाली केलेलं टेबल दोन्ही आकड्यात ढवळाढवळ करतात. नॉरअॅड्रिनॅलिन चालू असेल तर बोटं आवळलेली असतात आणि पीव्हीआयचा भरवसा घसरतो. लॅरिंजियल मास्कवर स्वतः श्वास घेणाऱ्या हर्नियाच्या रुग्णाचा पीव्हीआय वाचून सलाईन सोडणारे डॉक्टर मी पाहिलेत. त्या आकड्याला तिथे काहीच आधार नाही.

तुमच्या मॉनिटरवर पीव्हीआय नसला तरी स्वीप संथ करून, स्केल फिक्स्ड ठेवून डोळ्यांनी हेच बघता येतं. लाटांची शिखरं श्वासाच्या तालावर वरखाली होतात का? शंका असेल तर पायांकडची बाजू उचला. सलाईन न देता रक्त हृदयाकडे परततं, आणि मिनिटाभरात चढउतार कमी झाला तर रुग्णाला व्हॉल्यूम हवा आहे. कमी झाला नाही तर बाटली उघडण्याआधी थोडा विचार करा. कानाच्या पाळीवर प्रोब लावता आला तर आणखी बरं. कानातल्या रक्तवाहिन्या बोटाइतक्या सहज आवळत नाहीत, त्यामुळे तिथे श्वासाचा परिणाम स्वच्छ दिसतो आणि बोटावर सिम्पथेटिकचा. दोन प्रोब असतील तर दोन वेगळ्या गोष्टी कळतात.

रक्तस्रावाचं चित्र यातूनच जुळवायचं असतं. तरुण, धडधाकट रुग्णात रक्ताचा दहा-पंधरा टक्के भाग जाईपर्यंत कफवरचा दाब हलत नाही, कारण शरीर त्वचेच्या रक्तवाहिन्या आवळून तो टिकवतं. ती आवळणी बोटातच दिसते. पीआय हळूहळू उतरतो, श्वासागणिक चढउतार वाढतो, नाडी चढते, लाटेवरची खाच, डायक्रोटिक नॉच, वर शिखराकडे सरकते. रक्तवाहिन्या सैल असतात तेव्हा हीच खाच तळाकडे असते. या चारांपैकी एकच गोष्ट दिसली तर मी थांबतो. तीन एकत्र दिसल्या तर सक्शनची बाटली बघतो, मॉप मोजायला सांगतो आणि सर्जनना विचारतो, कफवरचा आकडा काहीही असो. थिएटरचा एसी सोळावर लावलेला असेल तर मात्र पीआय उतरायला तेवढंही कारण पुरतं. म्हणून हात उबदार कापडात गुंडाळून ठेवा, म्हणजे गारठ्याची शंका आधीच वजा होते.

रीजनल, म्हणजे शरीराचा एकच भाग बधिर करणाऱ्या, भुलेत ही लाट मला सर्वांत जास्त आवडते, कारण इथे ती सरळ बोलते. सुप्राक्लेविक्युलर ब्लॉक (हात बधिर करणारं, गळपट्टीच्या हाडावरचं इंजेक्शन) लागला की त्या हातावरचं सिम्पथेटिक नियंत्रण सुटतं, हात गरम होतो आणि पीआय चढतो. अभ्यासांत दहा मिनिटांत मूळच्या 1.4 पटीहून अधिक वाढ ही ब्लॉक लागल्याची खूण म्हणून वापरली गेली आहे. रुग्णाला टाचणी टोचून "दुखतं का?" विचारण्याआधीच ती दिसते, आणि लहान मुलात किंवा भाषा न समजणाऱ्या रुग्णात तर फारच कामाची. स्पायनलमध्ये पायाच्या अंगठ्याला प्रोब लावा: पायात पीआय उसळी घेतो, आणि त्याच वेळी हाताच्या बोटात तो कमी होऊ शकतो, कारण ब्लॉकच्या वरचं शरीर दाब सावरायला आवळतं. सिझरच्या बाबतीत एक जपानी अभ्यास 2013 मध्ये आला. स्पायनलच्या आधीच बोटातला पीआय 3.5 च्या वर असेल, म्हणजे बाईच्या रक्तवाहिन्या आधीच सैल असतील, तर स्पायनलनंतर दाब जोरात पडण्याची शक्यता जास्त. भारतातही त्यावर काम झालंय. मी त्या आकड्यावरून ठरवत नाही की दाब पडेल की नाही. सिझरला तो पडणार हे गृहीतच धरतो. पण पीआय सात-आठ दिसला तर फेनिलेफ्रिन सिरिंजमध्ये भरून हाताशी असतं आणि कफ मिनिटाला एकदा लावलेला असतो.

लय आणि ठोके हा भाग लवकर संपतो, पण जीव वाचवणारा तोच आहे. कॉटरी (विजेने कापणारं, रक्तस्राव थांबवणारं यंत्र) चालू झाली की ईसीजीचं गवत होतं. प्लेथ नीट चालू असेल तर हृदय रक्त ढकलतंय. ईसीजी सुरेख आणि प्लेथ सपाट असेल तर आधी कफ त्याच हातावर फुगलाय का बघा (दहापैकी नऊ वेळा तेच), मग प्रोब निसटलाय का, आणि हे दोन्ही नसेल तर यंत्राकडे बघणं सोडून मानेतल्या कॅरॉटिड धमनीवर बोट ठेवा आणि कॅप्नोग्राफ (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारा आलेख) बघा. ईसीजीवरचे ठोके आणि प्लेथवरचे ठोके यांत फरक पडला तर काही ठोके रिकामे जातायत. कफ फुगण्यालाही एक उपयोग आहे. फार कमी दाब असताना यंत्र "एरर" देत राहतं, तेव्हा साधा कफ हाताने फुगवा, लाट नाहीशी होऊ द्या, मग हळूहळू हवा सोडा. लाट परत येते तिथे सिस्टोलिक दाबाचा जवळपासचा अंदाज मिळतो.

सॅच्युरेशनच्या आकड्याबद्दल दोनच गोष्टी, कारण तुम्ही विचारलं नसलं तरी त्या लाटेशी जोडलेल्या आहेत. लाल आणि इन्फ्रारेड यांच्या धडधडीचं गुणोत्तर एक आलं की यंत्र सुमारे 85 दाखवतं. लाट खराब असते, रुग्ण थरथरत असतो, तेव्हा दोन्हींत सारखाच गोंगाट शिरतो आणि आकडा 85 कडे ओढला जातो. मेथहिमोग्लोबिन (ऑक्सिजन वाहू न शकणारं हिमोग्लोबिन) खूप वाढलं तरी तसंच. स्तनाच्या शस्त्रक्रियेत सेंटिनल नोड (कर्करोग आधी जिथे पसरू शकतो ती लसिकागाठ) शोधायला मिथिलिन ब्लू टोचल्यावर सॅच्युरेशन धपकन उतरतं, कारण ते रंगद्रव्य 660 च्या आसपासचाच प्रकाश खातं. लाट तशीच, कॅप्नोग्राफ तसाच आणि रंग टोचल्याची वेळ जुळत असेल तर थोडं थांबून बघा, ऑक्सिजन मात्र वाढवून ठेवा. आणि लग्नसराईत हातभर गडद मेंदी असली तर कानाची पाळी किंवा पायाचं बोट घ्या.

काही कंपन्या आता नुसत्या प्लेथवरून किंवा ईसीजी आणि प्लेथ यांच्यामधल्या वेळेवरून रक्तदाब सांगायचा दावा करतात. नाडी हृदयापासून बोटापर्यंत पोहोचायला लागणारा वेळ दाब वाढला की कमी होतो, हे खरं. पण ईसीजीच्या आर लाटेपासून मोजलं तर त्यात हृदय आवळून झडप उघडेपर्यंतचा काळही येतो, आणि तो भुलेच्या औषधांनी, हृदयात परतणाऱ्या रक्ताने बदलतो. रक्तवाहिनीचा ताण बदलला की सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागतो, आणि भूल म्हणजे तो ताण सतत बदलणंच. प्रकाशावरून दाब मोजायचा खरा मार्ग ब्रनो शहरातल्या यान पेन्याझ यांनी 1973 मध्ये मांडला. बोटाभोवती छोटा कफ, आत इन्फ्रारेड प्रोब. नाडीबरोबर रक्त वाढू लागलं की कफ तेवढाच दाबायचा, म्हणजे बोटातल्या धमनीचं आकारमान अजिबात बदलू द्यायचं नाही. मग कफमधला दाब हाच धमनीतला दाब. फिनाप्रेस आणि त्यानंतरची क्लिअरसाइटसारखी यंत्रं याच तत्त्वावर चालतात. तिथे दाबाचं माप कफ पुरवतो, प्रकाश फक्त राखणदारी करतो. नुसत्या प्रोबमध्ये तो कफ नसतो.

तुमच्यापैकी कुणी अभियंता मित्राबरोबर या लाटांचं विश्लेषण करणार असाल तर सोलमधल्या राष्ट्रीय विद्यापीठाच्या रुग्णालयाने व्हायटलडीबी नावाचा खुला साठा ठेवलाय, 6,388 शस्त्रक्रियांचा. सुरुवातीला तो पुरेसा आहे. दोन खबरदाऱ्या घ्या. मॉनिटरमधून बाहेर येणारी लाट बहुधा गाळलेली असते, तिचा तळ गेलेला असतो, म्हणून उंचीवरून पीआय काढायला जाऊ नका. आणि मॉडेल शिकवताना डेटाची विभागणी रुग्णागणिक करा, ठोक्यागणिक नाही. एकाच रुग्णाचे ठोके दोन्हीकडे गेले की मॉडेल तो रुग्ण ओळखायला शिकतं आणि अचूकता फुकटची फुगते.

शेवटी आर्टिरियल लाइनबद्दल. मोठा रक्तस्राव अपेक्षित असेल, महाधमनीच्या झडपेचं स्टेनोसिस (अरुंदपणा) असेल, सेप्सिसमध्ये नॉरअॅड्रिनॅलिन चालू असेल, तर प्लेथवर निभावायचं ठरवू नका. रुग्ण हलवता येत असेल तर हलवा. हलवता येत नसेल आणि मॉनिटरला इन्व्हेसिव्ह प्रेशरचं पोर्टच नसेल, तर एक जुनी पद्धत आहे. हाताला दुहेरी रक्तपुरवठा आहे ना हे बघून रेडियल धमनीत निर्जंतुक पद्धतीने 20 नंबरची कॅन्युला घालायची, सलाईनने भरलेली प्रेशर ट्यूबिंग थ्री-वे तोटीला जोडायची आणि तिचं दुसरं टोक, मध्ये हवेचा स्तंभ ठेवून, साध्या अॅनेरॉइड बीपी यंत्राच्या डायलला. सलाईन आणि हवा भेटतात ती जागा हृदयाच्या पातळीला धरायची, मधूनमधून फ्लश करायचं, आणि ट्यूबिंगमधली हवा धमनीकडे कधीही जाऊ द्यायची नाही. काटा सरासरी दाबाभोवती थरथरत राहतो. सिस्टोलिक, डायस्टोलिक त्यावर वाचता येत नाही, पण सरासरी दाब 65 च्या खाली गेला की ते त्याच ठोक्याला दिसतं.